टाच बघा, टाच!

दोरखंडाच्या दुकानात एक पिंप ठेवावंच लागतं. गिऱ्हाईक तीस हात दोर मागतं, आपण मोजून कापून देतो, आणि असं करता करता भेंडोळ्याच्या शेवटी जो आखूड तुकडा उरतो तो त्या पिंपात जातो. विकायला आखूड, फेकायला जिवावर येतं. वर्षभरात पिंप भरतं. मग एक दिवस कोणीतरी येतो नि म्हणतो, "शेट, बकरी बांधायला एवढासा तुकडा असला तर बघा ना!"

किस्स्यांचं अगदी असंच आहे. ठरवून कोणी जमवत नाही. माझं दुकान रत्नागिरीत, बंदराच्या वाटेवर. दोर, ताडपत्री, जाळ्यांचा धागा, खिळेमोळे. तिथे जन्मभर बसलं की एक काय, चार पिंपं भरतात. त्यातलं एक पिंप नुसतं कुस्तीचं आहे. म्हणजे टीव्हीवरच्या कुस्तीचं!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारणारे इब्राहिमभाई माझे जुने दोस्त. आवाज असा की त्यांनी धक्क्यावर "बोला!" म्हटलं की मांडवीतले कावळे उडत. त्यांचा एकुलता एक मुलगा रफिक. धक्क्यावर मासळीची भरलेली टोपली एकटा उचलून डोक्यावर चढवायचा. तो गल्फमध्ये कामाला गेला. जाताना आईला म्हणाला, "अम्मा, दोन वर्षांत येतो."

तिसरं वर्ष सरलं, रफिक काही आला नाही. पण त्याने व्हीसीआर पाठवला. सोबत कॅसेटी. तिथल्या टीव्हीवर दर आठवड्याला गोऱ्या पैलवानांची कुस्ती लागायची, ती तो बापासाठी भरून पाठवायचा. इब्राहिमभाईंची छाती फुगली. धक्क्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझा रफिक तिथे सुपरवायझर आहे. हाताखाली वीस माणसं!"

हलीमाभाभींनी, म्हणजे इब्राहिमभाईंच्या बायकोने, पहिली कॅसेट पाच मिनिटं बघितली आणि निकाल दिला, "हे चड्डीवाले माझ्या घरात नकोत!"

म्हणून व्हीसीआर आला माझ्या गोदामात. टीव्ही माझा, व्हीसीआर त्यांचा, बसायला दोराची भेंडोळी. रविवारी दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या की कार्यक्रम सुरू. कॅसेटी यायच्या त्या एकदम चार-चार, सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून. मंडळी म्हणायची, "शेट, लावा की चारही!" मी तीन उचलून तिजोरीत टाकायचो. आठवड्याची गोष्ट आठवड्यालाच बघायची. हापूसची अढी एकदम पिकली की एकदम सडते!

भाभींना मात्र काळजी वेगळीच. पोरगा जेवतो का? गल्फहून कोणी आला की भाभी त्याच्या दारात हजर. तो म्हणणार, "रफिक एकदम मस्त!" भाभी घरी येऊन म्हणणार, "सगळे मस्तच सांगतात. आंबेवाला कधी म्हणेल काय, माझा आंबा आंबट?"

एकदा रफिकचा फोटो आला. स्टुडिओतला. अंगात कोट, डोळ्यांवर गॉगल, मागे रंगवलेला धबधबा. भाभी तो घेऊन दुकानात आल्या. "शेट, तुम्ही माल बघून ओळखता. बघा, वाळलाय काय?"

मी फोटो उजेडात धरला. कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. कोट स्टुडिओवाल्याचा होता हे कोणीही सांगितलं असतं. मी म्हटलं, "भाभी, कापड चांगलं आहे."

"कापडाचं नाय विचारलं मी," भाभी म्हणाल्या आणि फोटो घेऊन गेल्या.

*

कार्यक्रमाच्या पहिल्याच रविवारी पंचाईत झाली. कुस्ती गोऱ्यांची, पण तिचं वर्णन करणारा अरबीत! मी सातवी पास. इंग्रजी शिकलो ते मालाच्या खोक्यांवरची अक्षरं वाचून. "धिस साइड अप" इथपर्यंत माझी मजल. पण अरबी? सगळ्यांनी इब्राहिमभाईंकडे बघितलं.

"भाई, तुम्हाला अरबी येते ना?"

"वाचता येते," भाई चाचरत म्हणाले. "म्हणजे..."

"मग सांगा की तो काय म्हणतोय!"

चार माणसांत माघार कशी घ्यायची? भाईंनी घसा खाकरला आणि त्यांना जे येत होतं ते सुरू केलं. लिलाव! "हा आला, हा आला, ताजा माल आला! बघून घ्या, कल्ले लाल आहेत! दीडशे किलोचा एक नग, बर्फ न लावलेला! बोला!" तेवढ्यात एक पैलवान दुसऱ्याच्या छातीवर आडवा पडला, पंचाने जमिनीवर हात आपटला, आणि भाई ओरडले, "एक वार! दोन वार! तीन वार! गेला!"

पंच तीनदाच हात आपटतो आणि लिलावही तीन वारांतच सुटतो! हे इतकं चपखल बसलं की त्यानंतर आम्ही त्या अरबाचा आवाज बंद करूनच कुस्ती बघू लागलो.

पैलवानांना नावंही भाईंनीच ठेवली. छातीपर्यंत दाढी असलेला भला पैलवान, तो तांडेल. आमच्याकडे होडीचा म्होरक्या असाच दिसतो. आणि केस पिंजारलेला, पांढऱ्या बुटांचा, पंचाची पाठ वळली की दगा करणारा जो दांडगोबा, तो रेडा.

अरबस्तानात वीस वर्षं काढलेले एक गृहस्थ जवळच्या पावस गावी सुट्टीवर आले होते. खात्री करून घ्यावी म्हणून मी त्यांना मुद्दाम बोलावलं आणि त्या दिवसापुरता टीव्हीचा आवाज सुरू ठेवला. एका कानात अरब, दुसऱ्या कानात भाई. पंधरा मिनिटांनी मी हळूच विचारलं, "काय हो, बरोबर सांगतात का आमचे भाई?"

गृहस्थ म्हणाले, "तो अरब मघापासून एवढंच म्हणतोय की रमजानमध्ये हा कार्यक्रम वेगळ्या वेळी लागेल. त्याचा आवाज बंद करा. भाईंचंच चालू दे!"

*

गोदामात एकच माणूस असा, की ज्याला ही कुस्ती म्हणजे शुद्ध भंकस वाटायची. वस्ताद. मूळचे सांगलीकडचे, पोलिसातले निवृत्त हवालदार. शेवटची नोकरी रत्नागिरीत झाली, बायकोला समुद्राची हवा मानवली, म्हणून इथेच राहिले. तरुणपणी तालमीत घुमलेले. दोन्ही कान मोडलेले. कोकणी माणूस बोलताना आधी गावाला वळसा घालतो, मग मुद्द्यावर येतो. वस्ताद पहिल्या शब्दातच डोक्यात काठी घालायचे.

"ही कुस्ती न्हाई, तमाशा हाय! खालचा उचलत न्हाई, वरचा उडी मारतोय. टाच बघा, टाच!"

मग मला चित्र थांबवायला लावायचे. चित्र थरथरत उभं राहायचं. वस्ताद पडद्यापाशी जाऊन काठीचं टोक टेकवायचे. "ही बघा, हितं टाच रोवली आनि गेला वर. मनात नसलेला मानूस कुनाच्या बापाला उचलत न्हाई!"

आणि एकदा टाच बघायला शिकलं की दुसरं काही दिसेनाच! कोणीही कोणाला उचलला की आमच्या सगळ्यांच्या माना खाली, पायांकडे. मी एकदा विचारलं, "वस्ताद, सगळं खोटं आहे तर दर रविवारी येता कशाला?"

"खोटं पकडाया! तीस वर्सं पोलिसात दुसरं काय केलं मी?"

एका रविवारी त्यांनी हे सिद्धच करून दाखवायचं ठरवलं. आमच्या गल्लीतला दत्ताराम टेलर अंगाने काटकुळा, पन्नास किलोही भरायचा नाही. वस्ताद त्याला म्हणाले, "हितं हुभा ऱ्हा. मी तुला उचलतो. पर तू अजिबात सहकार्य करायचं न्हाई."

दत्ताराम आज्ञाधारक. वस्तादांनी कमरेला मिठी घातली तसं त्याने सगळं अंग सैल सोडलं. भिजलेल्या ताडपत्रीचा गठ्ठा उचलताना कसं होतं, हाताला काही लागतच नाही, तसं झालं. वस्ताद लाल झाले. एकदा जोर लावला. दोनदा लावला. तिसऱ्यांदा कुठेतरी कट्‌ असा आवाज आला. आम्हाला वाटलं, फळी मोडली.

फळी नव्हती. वस्तादांना तसेच, वाकलेल्या अवस्थेतच, हातगाडीवर घालून घरी न्यावं लागलं. वाटेत कोणीतरी विचारलं, "अरे अरे, वस्ताद, काय झालं?"

खाली रस्त्याकडे बघतच वस्ताद म्हणाले, "सिद्ध झालं!"

*

कुस्तीची कीर्ती बंदरभर झाली होती. एक दिवस एक नाखवा, दोन ट्रॉलरचा मालक, दुकानात आला नि म्हणाला, "शेट, तुमच्या टीव्हीत पैलवान जाऊन ज्या दोरावर आपटतात ना, तो दोर द्या. मी रविवारी बघितला. काय ताकद! अख्ख्या माणसाला परत फेकतो!"

मी म्हटलं, "नाखवा, तो दोर होडीला बांधलात तर तुम्ही धक्क्याला लागाल आणि दुसऱ्या क्षणाला परत समुद्रात!"

नाखव्याने जरा विचार केला. "डिझेल वाचेल," म्हणाला.

*

दत्ताराम टेलरला काटकुळा म्हटलं खरं, पण शिमगा झाला की हाच माणूस गावच्या नमनाच्या खेळात रावण व्हायचा. दहा तोंडांची पट्टी बांधली की दत्ताराम संपला, लंकेश उरला!

त्यामुळे गोदामात तो कायम रेड्याच्या बाजूचा. "शेट, वाईट माणूस चांगला वठवणं सोपं नसतं. लोक रेड्याला शिव्या घालतात ना, ती त्याची बक्षिसी!"

वस्ताद गुरकावले, "आरं पर खोटं हाय त्ये!"

"वस्ताद, मी दर वर्षी रामाच्या बाणाने मरतो आणि उठून चहा पितो. म्हणून काय रावण खोटा?"

त्या दिवशी वस्तादांनी टाच एकदाच दाखवली.

पण रेड्याचा गुण दत्तारामला लागलाच. पुढच्या शिमग्यानंतर गावच्या नमनात रावण नेहमीच्या बाजूने न येता थेट प्रेक्षकांतून आला. अंगावर माझ्याच दुकानातल्या निळ्या ताडपत्रीचा झगा. वाटेत एका म्हाताऱ्याची टोपी उडवली, सूत्रधाराला ढकललं, मृदंगवाल्याला डोळे दाखवले. गावाने शिव्यांची लाखोली वाहिली. रावण खूश!

मग युद्ध. रामाने बाण मारला, रावण धाडकन पडला. मृदंगावर एक थाप पडली, दुसरी पडली, आणि तिसरी पडायच्या आत रावणाने रेड्यासारखा खांदा वर केला! उठून उभा! रामाने दुसरा बाण मारला. पुन्हा तेच. तिसरा मारला. पुन्हा तेच. रामाच्या भात्यात बाणच मुळी तीन! राम झालेला गावचा पोस्टमन बिचारा रडकुंडीला आला.

शेवटी गावचे मानकरी, गावकर, उठून उभे राहिले. "अरे रावणा, मर की आता! पुढलं सोंग खोळंबलंय!"

रावण आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "मग तीन मोजा!"

आणि अख्ख्या गावाने मोजलं.

*

कॅसेटी माणसांच्या हाती यायच्या हे मी सांगितलंच. एकदा आणणाऱ्या माणसाकडे दोन घरच्या कॅसेटी होत्या. आमच्या, आणि राजापूरच्या एका घरची. त्या घरच्या मुलाचा निकाह तिकडे गल्फमध्येच झाला होता आणि त्याचं शूटिंग आजोबांना बघायला पाठवलं होतं. कॅसेटींवर नावं नाहीत. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

रविवारी कॅसेट लावली. पडद्यावर एक माणूस, चेहऱ्यावर फुलांच्या माळांचा पडदा, दोन्ही बाजूंनी धरून आणलेला.

"मुखवटा घातलाय," दत्ताराम हरखून म्हणाला, "म्हणजे आज आपला माणूस!"

इब्राहिमभाई तोवर सुरू झाले होते. "हा आला, हा आला, झाकलेला माल आला!" मग त्यांना काजी दिसले, जीभ चावली. पण सवय मोठी वाईट. नवऱ्याने तीनदा "कबूल" म्हटलं आणि भाईंच्या तोंडून निघून गेलं, "एक वार, दोन वार, तीन वार, गेला!"

वस्ताद पहिल्यांदाच समाधानाने मांडी ठोकून म्हणाले, "ही मातुर खरी कुस्ती हाय!"

दुसऱ्या दिवशी मी एसटीने राजापूरला कॅसेट बदलायला गेलो. तिथे आजोबांच्या घरी आदल्या दिवशी सगळी आळी जमवून आमची कुस्ती बघून झाली होती. आजोबा शांतपणे म्हणाले, "शेट, आम्ही सगळी बघितली. भांडण काय, कुठल्याही लग्नात होतं. पण जेवणावळ दाखवलीच नाय!"

घरी इब्राहिमभाईंना वेगळाच हिशेब द्यावा लागला. भाभींनी विचारलं, "तिकडचं लग्न होतं ना? मग रफिक होता काय? पंगतीला बसला होता काय?"

"लक्ष नाय गेलं," भाई म्हणाले.

"मग दोन तास बघितलंत काय?"

*

एके रविवारी भाभींनी भाईंच्या हाती गोदामात सांदणं पाठवली, आणि निरोप, "आज तांडेल पडणार म्हणावं." आम्ही हसलो. तांडेल सहा महिन्यांत पडला नव्हता. तासाभराने पडला!

पुढच्या रविवारी नारळाच्या वड्या आणि निरोप, "आज रेड्याला पंच हाकलणार." हाकलला! तिसऱ्या रविवारी, "आज दोघे बाहेर मारामारी करणार, निकाल नाय." तसंच!

सर्वांत जास्त हादरले वस्ताद. खोटं पकडणारा माणूस; पण हे खोटं नव्हतं. चौथ्या रविवारी ते धुतलेला सदरा घालून, नारळ घेऊन, भाईंच्या घरी गेले. मीही सोबत होतो. वस्ताद हात जोडून म्हणाले, "भाभी, जावयाची बदली कोल्हापुराला हुईल का, तेवढं बघून सांगा."

भाभी म्हणाल्या, "ते पत्रात नाय लिहिलेलं, वस्ताद."

झालं होतं असं, की रफिकचं पत्र विमानाने दहा-बारा दिवसांत यायचं, कॅसेट महिना-दीड महिन्याने. आणि रफिक पत्रात कुस्तीचे निकाल लिहायचा. भाई बाहेर असताना भाभी पत्र वाचायच्या, फडताळात ठेवायच्या आणि चार आठवडे गंमत बघायच्या!

आम्ही पोट धरून हसलो. वस्तादही हसले. भाभींनी फडताळातून पत्र काढून वस्तादांच्या हातात दिलं. मी वाकून बघितलं. सुरुवातीला दोन ओळी: मी खुशाल आहे, जेवण वेळेवर मिळतं. पुढे दोन पानं नुसती कुस्ती.

"वस्ताद, तुम्ही पोलिसातले," भाभी म्हणाल्या. "खुशाल माणूस आईला एवढी कुस्ती लिहितो काय?"

वस्तादांनी पान उलटून बघितलं, पुन्हा सुलटून बघितलं. मग नीट घडी घालून परत दिलं.

*

आता पिंपाच्या तळाशी असलेला तुकडा.

रफिकचं पत्र आलं की ते पैलवानच आता त्याच्या शहरात येणार आहेत. मोठ्या मैदानात कुस्ती होणार, आणि तीच पुढे दर आठवड्याच्या कार्यक्रमात दाखवणार. शेवटी लिहिलं होतं, "मी अगदी पुढे असेन. रिंगच्या उजव्या बाजूला. अम्माला सांगा, बघ."

इब्राहिमभाईंनी धक्का डोक्यावर घेतला. "सुपरवायझर म्हटल्यावर काय, पहिल्या रांगेतली सीट!" कॅसेट यायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे भाभी दर दोन दिवसांनी दुकानात डोकावायच्या. "आली काय, शेट?"

आली. त्या रविवारी भाभी गोदामात आल्या. मी खुर्ची पुढे केली, पण त्या टीव्हीसमोरच्या भेंडोळ्यावरच बसल्या, सगळ्यांच्या पुढे. भाईंनी इस्त्रीचा कुडता घातला होता. वस्तादांनी टोपी. दत्ताराम दुकान सोडून मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन आलेला.

त्या दिवशी कुस्ती कोणी बघितलीच नाही. रेडा नि तांडेल एकमेकांना आपटत होते आणि आम्ही खुर्च्या शोधत होतो. भाईंचा लिलावही त्याच वाटेने चाललेला. "उजवी बाजू, पुढची रांग, बघून घ्या! पांढरा झगा, पांढरा झगा, गोरा साहेब, पुन्हा पांढरा झगा..."

"तो," भाभींनी बोट वर केलं.

रफिक खुर्चीवर नव्हता. रिंगभोवती लोखंडी कठडा होता, त्याच्या आत कामगाराची निळी डांगरी घालून, हात पसरून उभा होता. लोकांनी पुढे येऊ नये म्हणून. तोंड लोकांकडे, पाठ कुस्तीकडे. म्हणजे मैदानात हजारो माणसं कुस्ती बघत होती आणि ज्याच्यामुळे आम्ही ती बघत होतो, त्याला वळून बघायचीही सोय नव्हती.

भाईंचा आवाज अर्ध्या शब्दात थांबला. डांगरी त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखी लोंबत होती. दत्ताराम तर टेलर, त्याला माप बघताच कळतं. तो मान खाली घालून गळ्यातली टेप गुंडाळायला लागला.

आणि तेवढ्यात तांडेलने रेड्याला दोरांवरून बाहेर फेकला. रेडा थेट कठड्याच्या आत, रफिकच्या पायांशी येऊन आदळला. पहिल्या रांगेतले पांढरे झगे खुर्च्या टाकून पळाले. रफिक पळाला नाही. तो वळला, वाकला, रेड्याच्या दोन्ही काखांत हात घातले, धक्क्यावर टोपली उचलायचा तसे गुडघे वाकवले, आणि रेडा उभा राहिला! जाता जाता रेड्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"आपला माणूस!" दत्ताराम पुटपुटला.

"मागे घ्या," भाभी म्हणाल्या.

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. या वेळी आम्ही सगळ्यांनी बघितलं. रेड्याचा पांढरा बूट, त्याची टाच जमिनीत रोवलेली, आणि मग तो वर. टाच बघायला आम्हाला वस्तादांनीच शिकवलं होतं. आता दिसली नाही म्हणून सांगणार कोणाला!

"पुन्हा," भाभी म्हणाल्या. "आणि तिथे थांबवा."

मी थांबवलं. चित्र थरथरत उभं राहिलं. वर रफिकचे दोन हात, खाली ती टाच.

भाभींनी नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. वळून वस्तादांना म्हणाल्या, "वस्ताद, हे घरी रोज तुमच्या टाचेचं सांगतात. तुम्ही खोट्याला खरं म्हणणारे नाय. म्हणून तुम्हालाच विचारते. उपाशी माणसाला एवढा भार उचलणार नाय. सांगा, तो रेडा आपणहून उठला, की माझ्या रफिकने उचलला?"

वस्ताद उठले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पडद्यापाशी जाऊन काठीचं टोक नेहमीच्या जागी टेकवलं, आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. मग काठी खाली घेतली.

"भाभी," ते म्हणाले, "टाच रोवलीसुदिक न्हाई. पोरानं उचलला."